साखरेचा नैवेद्य

वरवंड
१५ ऑक्टोबर २०२४

चि. सत्यजीतभावजी यांना तुळजावहिनीचा आशीर्वाद. गौतमीला आणि लेकरांनाही.

पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र तसंच बाजूला टाकू नका. दोन वर्षांपूर्वी वाटणीचा कागद याच अक्षरात तुमच्या हातात पडला, हे मी विसरलेले नाही. पण या घरात दुसऱ्या कुणाचं अक्षर वाचण्यासारखं नाही, त्याला मी काय करू? फोन केला असता, पण तो तुमच्या दादांच्या खिशात असतो, आणि त्यांचा नंबर तुम्ही उचलत नाही.

परवा दसऱ्याला गुऱ्हाळाची चूल पेटली. पहिल्या गुळाचा नैवेद्य भैरवनाथाला न्यायचा, हे काम सासूबाईंच्या मागं माझ्याकडं आलं. आजवर कुणाला न सांगितलेली एक गोष्ट तुम्हाला सांगते. पहिल्या गुळाच्या नावानं मी दरवर्षी घरचा गूळ नेत होते.

घरचा गूळ म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. हंगामाची शेवटची काहील बिनपावडरीची काढायची आणि वर्षभर घरात खायची. वरवंडच्या अकराही गुऱ्हाळांत हेच चालतं, आणि अकराही जण ते एकमेकांपासून लपवतात. पुण्याच्या आडतीवर भाव मिळतो पिवळ्या गुळाला. म्हणून शेवटच्या उकळीला ती पांढरी पावडर पडते, रस पिवळाधमक होतो, आणि तो आपल्या पोराबाळांच्या ताटात मात्र येत नाही.

आपली ती शेवटची काहील तुम्ही काढायचात. तुम्ही गेल्यावर कुणी काढलीच नाही. मी शेवटची ढेप दोन वर्षं पुरवली. चहाला बंद केला, पुरणाला बंद केला, फक्त देवापुढं सुपारीएवढा खडा. आठव्या माळेला तोही संपला.

दसऱ्याला ताटलीत नवा पिवळा गूळ घेऊन गाभाऱ्याशी गेले. भावजी, हात पुढं होईना. पुजाऱ्याच्या कोनाड्यात साखरेची वाटी होती. त्यातली चमचाभर साखर पानावर ठेवली, डोकं टेकलं आणि वळले, तर मागं साळूबाई. गुऱ्हाळ मालकांचे अध्यक्ष रखमाजीआप्पा, त्यांची बायको.

"अगं तुळजा, घरी काहील उतरली आन् देवाला साखर?"

मी काही बोलले नाही. मला वाटतं तेच चुकलं. काहीतरी सांगून टाकलं असतं तर तिथंच मिटलं असतं. दिवे लागायच्या आत गावभर झालं की गुऱ्हाळवाल्याच्या बायकोनं देवाला साखर दाखवली.

तुमचे दादा जेवताना म्हणाले, "गावात तोंड दाखवायची सोय ठिवली न्हाईस."

म्हणलं, "उद्या तोच गूळ नेते. तुम्ही शेजारी उभे राहून हात जोडा."

अर्धी भाकरी ताटात ठेवून उठले. मला दोन वर्षांपूर्वीची देवळातली बैठक आठवली. पावडर बंद करा म्हणत अकरा मालकांसमोर तुम्ही विचारलं होतं, "आपल्या घरात कोण खातं हा गूळ?" मी कोपऱ्यात बैठकीची वही लिहीत बसले होते. तुमचं ते एक वाक्य मी वहीत घेतलं नाही.

उत्तराची घाई नाही. शेवटपर्यंत वाचलंत, एवढं पुरे.

तुळजावहिनी


वरवंड
३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज

चि. सत्यजीतभावजी,

पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं असं धरून चालते.

आपली राजनंदिनी दिवाळीला माहेरी आली होती, आज सासरी गेली. तिनं तुमची आठवण काढली. तुमचे दादा तिथंच पेपर वाचत होते, त्यांनी पान उलटलं. दोन मिनिटांनी परत मागं उलटलं. एवढंच सांगण्यासारखं.

साखरेच्या प्रकारानंतर ते आठवडाभर माझ्याशी म्हशीच्या मार्फत बोलत होते. "आज हिला पेंड कमी घातली वाटतं कुणीतरी." आठव्या दिवशी मी सरळ विचारलं, की एक काहील बिनपावडरीची काढू. घरापुरती. विकायची नाही, कुणाला दाखवायची नाही. ते म्हणाले, "काढ. पण मला इचारू नगंस." त्यांचं हो असंच असतं, तुम्ही ओळखता.

आपला मुजफ्फरनगरचा मिस्त्री तुम्हाला माहीत आहेच. सहा वर्षं झाली, हात चांगला आहे, दारू नाही. त्याला म्हणलं, आज पावडर नको. त्यानं मान हलवली. रस उकळला, भेंडीचं पाणी टाकून मळी काढली, सगळं नेहमीसारखं. मग तो काहिलीवर वाकून उभा राहिला, तो उभाच.

"उतरवा की," मी म्हणते.

"भाभीजी, रंग नहीं आया."

रंग कुठून येणार? रंग पावडरचा. पण त्या बिचाऱ्यानं जन्मात पिवळा झाल्याशिवाय रस उतरवलेला नाही. गूळ झाला हे तो रंगावरूनच ओळखतो. मी म्हणते उतरवा, तो म्हणतो अभी कच्चा है, आणि चुलवाणात चिपाडं पडतायत. शेवटी धूर निघाला तेव्हा धावत काहील उतरवली. थंड करायच्या वाफ्यात ओतला तो गूळ नव्हता. काळा, चिकट, कडू, आणि सबंध काहील वाया.

ऊस घेऊन आलेले दोघं-तिघं बघत होते. त्यातला एक म्हणाला, "वहिनी, डांबर बेस जमलंय. पाटसच्या रस्त्यावर टाका, खड्डं बुजत्याल."

सगळे हसले. मिस्त्रीही हसला, त्याला मराठी अर्धंच कळतं तरी. मीही हसले, नाही तर काय करणार? मग घरी येऊन बराच वेळ पोथी उघडून बसले, वाचलं काहीच नाही.

पण मी पाहिलं, तुमच्या दादांनी वाफ्याच्या कडेचा एक तुकडा फोडून तोंडात टाकला. थुंकले नाहीत. चघळत चघळत घाण्याकडं गेले.

एक विचारायचं होतं. इनामगावला तुमच्या गुऱ्हाळात पावडर नाही, मग तिथला गुळव्या गूळ झाला हे कशावरून ओळखतो? सांगायचं नसेल तर राहू द्या.

तुळजावहिनी


वरवंड
२४ नोव्हेंबर २०२४

चि. सत्यजीतभावजी,

तुम्ही सांगितलं नाहीत, पण मी शोधलं.

सुभानमामा आठवतात ना? आबांच्या, तुमच्या वडिलांच्या, हाताखाली वीस वर्षं गुळव्या होते. तुम्हाला खांद्यावर बसवून काकवी चाटवायचे, मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही नऊ वर्षांचे होतात आणि सारखे त्यांच्याच मागं. पावडर आली तेव्हा त्यांनी काम सोडलं. लोक म्हणायचे वय झालं. खरं कारण मला आता कळलं. डोळ्यांत मोतीबिंदू, आणि पावडर किती टाकायची ते रंगावर ठरतं. "माझ्या डोळ्याला पिवळं आन् ढवळं एकच दिसतंय, मग मी काय घंटा ओळखणार?" हे त्यांचेच शब्द, मी सौम्य करून लिहिलेत.

त्यांची सून बानू बांगड्या भरायला आली होती. तिच्याजवळ मी सहज डांबराची गोष्ट काढली. ती म्हणाली, "वहिनी, अब्बांना इचारा की. त्येंना कवा रंग लागत हुता?"

दुसऱ्या दिवशी ती त्यांना स्कूटीवर मागं बसवून घेऊन आली. त्यांनी खुर्ची मागितली, काहिलीपासून चार हातांवर. गुळाचा चहा मागितला. मग तुमच्या दादांकडं तोंड करून म्हणाले, "इंजन बंद करा. त्या पोरांची मोबाईलातली गाणी बंद करा. सर्जेराव, तुझं त्वांड बी."

घाणा बंद करायचा म्हणजे मागं उसाच्या गाड्या थांबणार. तुमच्या दादांच्या कपाळावर आठी चढली. पण सुभानमामांनी त्यांना लहानपणी कान धरून फिरवलेलं आहे. त्यांनी स्वतः जाऊन इंजिन बंद केलं.

मग नुसता रसाचा आवाज राहिला. इतक्या वर्षांत तो मी कधी ऐकला नव्हता. मामा मान कलती करून बसले, देवळात कीर्तन ऐकायला बसावं तसे. मिस्त्री काहिलीवर वाकलेला, अस्वस्थ.

"आधी भांडतंय," मामा म्हणाले. "फडाफडा. भांडू दे." थोड्या वेळानं म्हणाले, "आता कुरकुर लावली. जाळ कमी कर." आणि मग एकदम हात वर केला. "आता गप बसाया लागलंय. पुरतं गप व्हायच्या आत उतरवा, उतरवा."

मिस्त्री म्हणाला, "चाचा, रंग?"

"रंग तुज्या बायकोच्या साडीला बघ. उतरव."

पाण्याच्या वाटीत थेंब टाकून मामांच्या हातात दिला. त्यांनी बोटांत गोळी वळली, माझ्या तळहातावर ठेवली. वाफ्यात ओतला तो गूळ तपकिरी झाला, जुन्या पितळी भांड्यासारखा, आणि थंड होऊन नीट आळला. ढेप फोडली तर आत कणी.

तुमचे दादा खाऊन म्हणाले, "आबांच्या वेळचा हाय." आणि लगेच, कुणी ऐकलं तर काय म्हणून, "ऊस चांगला हुता."

मी त्या दिवशी घरी येऊन देवापुढं बसले तेव्हा काही मागायचं सुचलंच नाही.

आता गंमत ऐका. मामा रोज यायला लागलेत. बानू सोडते, संध्याकाळी नेते. मिस्त्री त्यांच्या शेजारी डोळे मिटून बसतो, शिकतोय. पहिल्यांदा दिवसाला एकच काहील होती. मग दादांनी दोन केल्या. का केल्या ते विचारलं नाही, कारण विचारलं की ते उलट करतात.

तुळजावहिनी


वरवंड
१९ डिसेंबर २०२४

चि. सत्यजीतभावजी,

आज बरं लिहायला नाही.

तुमच्या दादांनी मला न सांगता तपकिरी गुळाच्या चाळीस ढेपा पुण्याच्या गाडीत भरल्या. गाडी अकरा जणांची मिळून जाते, हे तुम्हाला माहीत आहेच. आडतीवरच्या शेठनं त्या चाळीस उतरवूनच घेतल्या नाहीत. वर निरोप दिला, की वरवंडचा माल म्हणजे पिवळा. असा काळा मध्ये आला तर सगळ्याच गाडीचा भाव पाडीन. ढेपा परत आल्या. ओसरीत रचल्यात. जाता-येता पाय लागतो.

रखमाजीआप्पा घरी येऊन गेले. चहा घेतला, मुलीची चौकशी केली, आणि उठता उठता म्हणाले, "सर्जेराव, धाकट्याला तूच बाहेर काढलास ना? सगळ्यांच्या भल्यासाठी? मग आता तुझं काय करायचं सांग."

एक जानेवारीला बैठक बोलावलीय. संक्रांतीच्या आधी, कारण सगळा माल संक्रांतीलाच जातो. पावडर सुरू करा, नाही तर गाडी बंद.

तुमच्या दादांनी पावडरचा डबा काढून फळीवर ठेवलाय. टाकली नाही अजून. सकाळी उचलतात, परत ठेवतात. सुभानमामांना डबा दिसत नाही, म्हणून ते निवांत असतात.

आता खरं सांगायचं ते. दोन महिने या पत्रांमध्ये मी ते टाळत आले.

वाटणीचा कागद दादांनी सांगितला आणि मी लिहिला, असं तुम्ही समजता. गाव समजतं. मीही तसंच समजू दिलं. जमीन, विहिरीचं पाणी, जुना घाणा तुमच्याकडं, हे सगळं त्यांनीच सांगितलं. पण शेवटची ओळ, "सत्यजीत यांनी आपल्या मालाला फडतरे हे नाव लावू नये", ही त्यांनी सांगितली नव्हती. ती मी घातली.

राजनंदिनीचं लग्न ठरलेलं होतं. व्याही याच धंद्यातले, याच आडतीला माल देणारे. मला भीती वाटली, की तुम्ही फडतरे नावानं काळा गूळ विकलात तर लोक तो आमचाच समजतील, आणि पोरीला सासरी ऐकावं लागेल. मी फार विचार केला नाही. टाक हातात होता, कागदावर जागा होती. दादांना म्हणलं, सही करा. त्यांनी केली.

तुम्हाला वाटलं, सख्ख्या भावानं नाव काढून घेतलं. ते नाव मी काढून घेतलं, ज्या पोराला मी नऊ वर्षांचा असल्यापासून जेवायला वाढलं त्याच्याकडून.

दादांना मी हे अजून सांगितलेलं नाही. उद्या एकादशी नाही, काही नाही, चांगला दिवस बघत बसले तर वर्ष जाईल. सांगणार आहे.

तुम्ही हे पत्र वाचून फाडलंत तरी मला राग नाही.

तुळजावहिनी


वरवंड
२ जानेवारी २०२५

चि. सत्यजीतभावजी,

सांगितलं.

बैठकीच्या दिवशी सकाळी ते दाढी करत होते तेव्हा सांगितलं, म्हणजे त्यांना मध्येच उठून जाता येऊ नये. सगळं सांगितलं, राजनंदिनीचं, भीतीचं, ओळीचं. साबण गालावर सुकून गेला.

ते म्हणाले, "मला ठाव हाय."

म्हणलं, "काय ठाव?"

"ती ओळ. वाचूनच सही केली. मला सांगायची लाज वाटत हुती, तू आपसूक लिवलीस. बरं वाटलं मला तवा."

मग परत वस्तरा उचलला. दोन वर्षं आम्ही एका घरात, एका ताटाशी, आणि दोघंही एकमेकांना वाचवत बसलो होतो. मला रडू यायला हवं होतं. मला हलकं वाटलं, भावजी. डोक्यावरचा भारा कुणी अर्धा उचलून घ्यावा तसं. खरं सांगायचं तर थोडं हसूही आलं. एकाच गालावर साबण होता.

मग बैठक. मी नेहमीसारखी कोपऱ्यात वही घेऊन. रखमाजीआप्पा अध्यक्ष. आधी इकडचं तिकडचं झालं, मग ते म्हणाले, "सर्जेराव, काय ठरलं तुमचं?"

तुमचे दादा उठले. त्यांना बोलता येत नाही हे तुम्ही जाणता, दोन वाक्यांत तीनदा खोकतात.

"गाडीच्या यादीतनं माझं नाव काढा," म्हणाले.

आप्पा म्हणाले, "आरं, काढायचं न्हाई म्हून तर बैठक बोलावली. पावडर टाक, इषय संपला."

"टाकणार न्हाई. एका काहिलीत बी न्हाई."

"आन् माल कुठं इकणार? भैरवनाथाच्या पारावर?"

काही जण हसले. दादा खोकले. "न्हाई इकला तर खाईन," म्हणाले. "खाता येतंय त्यो."

मग कुणी हसलं नाही. बाकीचे दहाही मालक आपापल्या पायांकडं बघायला लागले. तुम्ही विचारलेला प्रश्न सगळ्यांना आठवला असणार. मला तरी आठवला.

आप्पा माझ्याकडं वळून म्हणाले, "वहिनी, हे शेवटचं लिहायची गरज न्हाई."

म्हणलं, "लिहून झालं, आप्पा."

खाली सही मागितली तेव्हा त्यांनी ते वाक्य दोनदा वाचलं, आणि केली. अध्यक्ष म्हणल्यावर करावी लागते. त्याच पानावर, खाली थोडी जागा होती, तिथं मी दोन वर्षांपूर्वीचं तुमचं वाक्य लिहिलं. तारीख घातली, "मागील बैठकीत नोंदवायचं राहून गेलं" असं घातलं. कुणी हरकत घेतली नाही. कुणाचं लक्षच नव्हतं, सगळे चपला शोधत होते.

तर आता आपण यादीतून बाहेर आहोत. ओसरीत एकशे साठ ढेपा. व्याह्यांचा फोन आला होता, दादांनी घेतला. व्याही म्हणाले, "काय सर्जेराव, म्हातारपणी बंड?" आणि मग हळूच, "आमच्यासाठी दोन ढेपा ठेवा." राजनंदिनीला कुणी काही बोललेलं नाही. मी उगीच त्या भीतीपायी तुमचं नाव काढून घेतलं होतं.

आणि आज सकाळी मागच्या दारानं साळूबाई आली. पदराखाली पिशवी. "आमच्या ह्येंना सांगू नगंस, पर एक ढेप दे घरापुरती. आमच्या शेवटल्या काहिलीला अजून दोन महिनं हायती." मी पैसे घेतले, पूर्ण घेतले. तिनं विचारलं, "देवाला आता काय दाखवतीस?" म्हणलं, "काल गूळ दाखवला, ये बघायला."

तुळजावहिनी

ता.क. माल खपेल का, याचं उत्तर माझ्याकडं नाही. पण रात्री झोप लागते.


वरवंड
१२ जानेवारी २०२५

चि. सत्यजीतभावजी,

काल दुपारी शिरूरकडून एक टेम्पो आला. चालकानं विचारलं, "सर्जेराव फडतऱ्यांचं गुऱ्हाळ हेच का? इनामगावच्या मालकांनी पाठवलंय. काळा गूळ भरायचाय, असेल तेवढा."

तुमचे दादा म्हणाले, "कोण मालक?"

"मालक म्हंजी मालक. मला एवढंच सांगितलंय, की भाव आत्ता गाडीपाशी ठरला न्हाई तर घरी बसून ठरल, पण ढेपा उन्हात ठिवू नका."

पाच पत्रांना उत्तर नाही आणि एकदम टेम्पो. तुम्ही लहानपणी पण असेच होतात. रुसलात की बोलायचं नाही, पण सांजच्याला सरपणाची मोळी आपणहून आणून टाकायची.

दादांनी कुणाला हात लावू दिला नाही, स्वतः ढेपा भरायला लागले. कमरेचं दुखणं विसरले. टेम्पोत रिकामी खोकी होती, घडी घातलेली. चालक म्हणाला, एकेक ढेप खोक्यात घाला, मालक सुटा माल घेत नाहीत. दादांनी एक खोकं उलगडलं आणि तिथंच उसाच्या मोळीवर बसले. मला वाटलं कमर धरली. पळत गेले, तर खोकं त्यांच्या मांडीवर, आणि त्यावर छापलेलं, "फडतरे बंधू".

चालकाला विचारलं, ही खोकी कधीची. तो म्हणाला, "पहिल्यापासनंची. दोन वर्षं झाली."

म्हणजे मी घातलेली ओळ तुम्ही एक दिवसही मानली नाही. वकिलाकडं गेलो असतो तर आम्ही जिंकलो असतो, आणि बरं झालं गेलो नाही.

दादा बराच वेळ ते दोन शब्द बघत होते. मग म्हणाले, "दोन वर्षं एकटाच बंधू म्हून फिरतोय ह्यो. लोकांनी इचारलं असंल की, दुसरा कुठं हाय." आणि उपरण्यानं तोंड पुसलं. घाम होता असं म्हणाले. जानेवारीत.

सुभानमामांना टेम्पोचं सांगितलं तर ते म्हणाले, "पोरगं माज्या खांद्यावर मुतलंय, मला ठाव हुतं कुठं जात न्हाई." मिस्त्रीनं काल पहिल्यांदा एकट्यानं काहील उतरवली, डोळे मिटून. मामा शेजारी होते, पण बोलले नाहीत. गूळ चांगला झाला. मिस्त्री दिवसभर सगळ्यांना चाखवत फिरत होता.

अकरांतले दोघं संध्याकाळी येऊन वाफ्याशी उभे राहिले. काम काही नव्हतं, नुसतं इकडचं तिकडचं. जाता जाता एकानं विचारलं, मामा रविवारी मोकळे असतात का. दादा म्हणाले, मामांनाच विचारा. आप्पा आलेले नाहीत. त्यांची ढेप मात्र संपत आली असेल.

आज सकाळी पत्र लिहायला बसले तर तुमचे दादा येऊन शेजारी बसले. इतक्या पत्रांत कधी बसले नव्हते. म्हणाले, "त्येला इचार, थंडीत वाफ्यातला गूळ चटकन आळतोय, ढेपंला भेगा पडत्यात. त्यो काय करतो? गोणपाट टाकतो का वाफा आधी शेकवतो?"

म्हणलं, "तुम्ही तीस वर्षं गूळ करताय आणि धाकट्याला विचारताय?"

तर म्हणाले, "इचारतोय असं लिवू नगंस. बोलता बोलता निघालं असं लिव."

तर भावजी, बोलता बोलता निघालं. गोणपाट की शेकवायचं, ते सांगा. मला लिहू नका, माझं काम इथं संपलं. त्यांना फोन करा. टेम्पो गेल्यापासून तो खिशातून काढून त्यांनी हातात धरलाय, आणि कुणाचा आला तरी पहिल्या घंटेला उचलतायत. सकाळपासून तीनदा मोबाईल कंपनीच्या बाईशी बोललेत.

तुमची,
तुळजावहिनी